मुका मार, मुके जीव

नागपूरच्या मेडिकलमधील ट्रॉमा केअर सेंटरबाहेर कोणत्याही रात्री जाऊन उभे राहा. चटई टाकून बसलेले नातेवाईक दिसतील. कोणी भंडाऱ्याहून आलेले, कोणी चंद्रपूरहून, कोणी थेट मध्य प्रदेशातील छिंदवाडा-बालाघाटहून. त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. डोक्याला साधी खोकसुद्धा नाही, हाड मोडलेले नाही, रक्तही गेले नाही, मग पोरगा डोळे का उघडत नाही? डॉक्टर घाईत असतात. ‘मेंदूला मार आहे, वाट पाहावी लागेल,’ एवढे सांगून ते पुढच्या खाटेकडे जातात.

आपल्या मराठीत अशा दुखापतीला नेमका शब्द आहे: मुका मार. वरून काही दिसत नाही, आत सगळे दुखावलेले असते. पाठीचा किंवा मांडीचा मुका मार आपल्याला ठाऊक असतो. मेंदूलाही तो लागतो, आणि तो कसा लागतो हे कळायला वैद्यकशास्त्राला गेल्या शतकातील कित्येक दशके खर्ची घालावी लागली. ते ज्ञान बहुतांशी मुक्या जिवांच्या बदल्यात मिळाले आहे. मांजरे, माकडे आणि सर्वांत जास्त उंदीर. त्या जिवांनी काय शिकवले आणि त्यातले आपल्या घरापर्यंत किती पोहोचले, हे या लेखात पाहू.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ऑक्सफर्डपासून करावी लागेल. त्या वेळी ब्रिटिश सैन्याचे निरोपे मोटारसायकलवरून धावत आणि मोठ्या संख्येने मरत. ह्यू केर्न्स नावाच्या मेंदूच्या सर्जनने या मृत्यूंचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने लेख प्रसिद्ध केला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत हेच केर्न्स होते. त्याच ऑक्सफर्डमध्ये डेनी-ब्राउन आणि रसेल हे दोघे मेंदूतज्ज्ञ भूल दिलेल्या मांजरांच्या डोक्यावर लोलकाने ठोका देऊन पाहत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. डोके मोकळे असेल तर त्या ठोक्याने मांजर सुन्न होई. डोके घट्ट धरून ठेवले तर तेवढ्याच ठोक्याने फारसे काही होत नसे. म्हणजे मेंदूला धोका एकट्या ठोक्याचा नव्हता, डोक्याला अचानक बसणाऱ्या झटक्याचा होता.

झटक्याने आत काय होते हे १९४३ मध्ये हॉलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले, तेही एकाही प्राण्याला हात न लावता. त्याने जिलेटिनचा, म्हणजे आपण दावतीत खातो त्या जेलीसारख्या पदार्थाचा मेंदू बनवला आणि त्याला गर्रकन फिरवले. कवटी फिरून थांबते, आतली जेली मागे राहते आणि तिच्या थरांमध्ये ताण येतो. मेंदूही असाच मऊ आहे. सरळ धक्क्यापेक्षा गोल झटका त्याला जास्त फाडतो. प्राण्यांवरील प्रयोगांचा इतिहास लिहिणारे या जेलीला फार जागा देत नाहीत. आमच्या मते ती द्यायला हवी.

जेलीत दिसलेले जिवंत मेंदूत तसेच घडते का? ते तपासणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे: डॉ. अयूब ओमाया. १९३० मध्ये अखंड हिंदुस्थानातील पंजाबात मियाँ चन्नू येथे त्यांचा जन्म झाला. लाहोरच्या किंग एडवर्ड मेडिकल कॉलेजात शिक्षण, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्था. उत्तम गायकही होते म्हणतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात थेट औषध पोहोचवण्यासाठी त्वचेखाली बसवायची छोटी घुमटाकार पिशवी त्यांनी १९६३ मध्ये पुढे आणली. ‘ओमाया रिझर्व्हायर’ या नावाने ती आजही वापरात आहे.

ओमाया आणि त्यांचे सहकारी जेनारेली यांनी माकडांचे दोन गट केले. एका गटाच्या डोक्याला सरळ रेषेत झटका दिला, दुसऱ्याच्या डोक्याला मान वळेल असा गोल झटका दिला. सरळ झटक्याची माकडे शुद्धीत राहिली, गोल झटक्याची बेशुद्ध पडली. पुढे १९८२ मध्ये जेनारेली यांच्या गटाने माकडांच्या डोक्यावर काहीही न आपटता, केवळ डोके वेगाने एका बाजूला फिरवून, दीर्घ बेशुद्धी आणून दाखवली. मेंदू तपासला तेव्हा आत रक्ताची मोठी गाठ नव्हती. ठिकठिकाणी मज्जातंतूंचे बारीक धागे ताणून तुटले होते. ट्रॉमा सेंटरबाहेरच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. कवटी शाबूत, स्कॅन जवळजवळ स्वच्छ, आणि आत हजारो धागे तुटलेले.

त्या काळात अमेरिकेच्या प्रयोगशाळांत जाणारी रीसस माकडे मोठ्या प्रमाणात भारतातून जात. १९७८ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. या ज्ञानाची किंमत कोणी दिली, याच्या हिशेबात आपल्या रानांतले प्राणीही येतात.

किंमत किती क्रूर असू शकते हे लगेच दिसले. जेनारेली यांची प्रयोगशाळा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होती. १९८४ च्या मे महिन्यात प्राणिमुक्तीवाद्यांनी तिथे घुसून साठ तासांहून अधिक लांबीच्या चित्रफिती पळवल्या. त्या संशोधकांनी स्वतःच काढलेल्या होत्या. जखमी बबून माकडांची तिथे थट्टा होत होती आणि भूल पुरेशी नसावी असे वाटण्यासारखी दृश्ये त्यांत होती. अमेरिकेत गदारोळ झाला आणि १९८५ मध्ये सरकारने त्या कामाचा पैसा थांबवला. चोरी ती चोरीच. पण चित्रफितीत जे दिसले ते चोरांनी घडवलेले नव्हते.

इथे आमची अडचण आम्ही वाचकांसमोर ठेवतो. ज्या प्रयोगशाळेने बेशुद्धीचे कोडे उलगडले, तीच प्रयोगशाळा ही. ज्ञान खरे आहे आणि निर्दयताही खरी आहे. इब्न उमर (र.) यांनी काही तरुणांना एक पक्षी बांधून त्यावर तीर मारताना पाहिले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जिवंत प्राण्याला निशाणा करणाऱ्याचा धिक्कार केला आहे, हे त्यांनी त्या तरुणांना ऐकवले. हदीसच्या प्रमाण ग्रंथांत हा प्रसंग आहे. इंग्लंडमधील वोकिंगच्या शाहजहाँ मशिदीचे इमाम राहिलेले बशीर अहमद मसरी यांनी १९८० च्या दशकात प्राण्यांच्या हक्कांवर इस्लामच्या दृष्टीने सविस्तर लिहिले. सौंदर्यप्रसाधने आणि चैनीसाठी प्राण्यांचा छळ त्यांनी साफ नाकारला. माणसाची खरी गरज असेल आणि वेदना टाळली जात असेल तिथे मात्र त्यांनी दार पूर्ण बंद केले नाही. आम्हाला ही भूमिका पटते. पण ‘खरी गरज’ हे दोन शब्द फार सैल आहेत, ते कोण ठरवणार हा प्रश्न उरतोच.

मुस्लिम हकिमांसाठी हा प्रश्न नवा नाही. दहाव्या शतकाच्या आसपास अल-राझी यांनी पारा विषारी आहे का हे पाहण्यासाठी तो माकडाला देऊन पाहिल्याची नोंद आहे. बाराव्या शतकात अंदलुसमधील सेव्हिलचे इब्न झुहर यांच्यासमोर तर आजच्या आयसीयूतील प्रश्न होता. गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडली तर रोगी जगेल का? माणसावर हे करण्यास हकीम घाबरत. इब्न झुहर यांनी एका शेळीच्या श्वासनलिकेला छेद दिला, जखमेची काळजी घेतली आणि ती भरून शेळी बरी झाल्याचे नोंदवले. मेंदूला मार लागून आठवडाभर बेशुद्ध असलेल्या रुग्णाच्या गळ्यात डॉक्टर नळी घालतात, त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. नातेवाईक ती पाहून घाबरतात, ‘गळा कापला’ म्हणून रडतात. त्यांना या शेळीबद्दल कोणी तरी सांगायला हवे.

श्वासाचा हा धागा आपल्याला थेट उंदरांपर्यंत नेतो.

१९९४ मध्ये अमेरिकेतील रिचमंड येथील अँथनी मार्मारू यांनी एक साधी रचना प्रसिद्ध केली. आज मेंदूच्या मुक्या माराचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरतात. भूल दिलेला पांढरा उंदीर फोमच्या गादीवर पालथा ठेवायचा. त्याच्या कवटीवर पोलादाची छोटी चकती चिकटवायची, म्हणजे हाड फुटत नाही. चकती म्हणजे उंदराचे हेल्मेटच म्हणा. मग उभ्या नळीतून ४५० ग्रॅमचे पितळी वजन एक किंवा दोन मीटर उंचीवरून सोडायचे. फोममुळे डोके खाली दबते आणि वळते, तसाच झटका बसतो जसा गाडीवरून पडणाऱ्या माणसाला बसतो. एक मीटरवरून वजन सोडले तर उंदीर जगले. दोन मीटरवरून सोडले तेव्हा ४४ टक्के उंदीर मेले.

ते मेले कशाने, हे महत्त्वाचे आहे. धक्क्यानंतर मेंदूतील श्वासाचे केंद्र सुन्न होई, श्वास थांबे आणि उंदीर गुदमरून मरे. ज्या उंदरांना लगेच यंत्राने श्वास दिला, त्यांच्यातील मृत्यू कमी झाले. धक्का तोच, वजन तेच. फरक फक्त हवेचा.

इतरही पद्धती आहेत. कवटीला भोक पाडून मेंदूच्या आवरणावर पाण्याचा दाब सोडणे, हवेच्या दाबाने चालणाऱ्या दट्ट्याने मोजून ठोका देणे. प्रत्येकीची मोजमापे वेगळी आहेत, त्यांत आम्ही शिरत नाही. या सगळ्यांतून एक गोष्ट पक्की झाली. मार दोनदा लागतो. पहिला मार अपघाताच्या क्षणी लागतो, तो कोणीही परत फिरवू शकत नाही. दुसरा मार त्यानंतरचे तास आणि दिवस चालतो. प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब उतरतो, पेशींत कॅल्शियम घुसते, मेंदूला सूज येते, आणि कवटीच्या बंद डब्यात सुजेला जागा नसल्याने ती मेंदूचाच रक्तपुरवठा दाबते. हा दुसरा मार अडवता येतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील सातशेहून अधिक गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांतही तेच दिसले. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण साधारण दुप्पट होते.

मग सूज उतरवणारे औषध का सापडले नाही? इथे उंदरांची गोष्ट फसते, आणि तेही सांगायला हवे.

स्टेरॉइडने सूज उतरते, म्हणून जगभर तीसेक वर्षे डोक्याला मार लागलेल्यांना ते दिले गेले. शेवटी १०,००८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. क्रॅश नावाच्या त्या चाचणीचा निष्कर्ष २००४ मध्ये आला. औषध घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. जे वाचवेल म्हणून दिले, त्याने जास्त माणसे गेली. प्रोजेस्टेरॉनचेही तसेच. मादी उंदरांत नरांपेक्षा मेंदूची सूज कमी येते, हे पाहून या स्त्री-संप्रेरकावर मोठी आशा बसली. शेकडो प्रयोग झाले. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. दोन हजारांच्या आसपास रुग्ण, आणि फायदा शून्य.

कारणे समजून घेण्यासारखी आहेत. उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा आणि गुळगुळीत. माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, वळ्यांनी भरलेला, आणि मेंदू जितका मोठा तितका गोल झटक्याचा ताण जास्त. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, निरोगी, बहुतेक वेळा नर, एकाच वंशाचा. मार किती वाजून किती मिनिटांनी लागला ते वहीत लिहिलेले. औषध ठरलेल्या वेळेला हजर. आता आपला रुग्ण पाहा. वय पंचावन्न, मधुमेह, रात्री काटोल रोडवर पडलेला, पायाचे हाडही मोडलेले. आधी तालुक्याच्या दवाखान्यात, तिथून ‘नागपूरला न्या’, मग गाडीची शोधाशोध, आणि मेडिकलच्या दारात पोहोचेपर्यंत चार-पाच तास उलटलेले. उंदराला वाचवणारे औषध याला का लागू पडत नाही, याचे निम्मे उत्तर रस्त्यावरच आहे.

म्हणून आता शास्त्रज्ञ वळ्यांचा मेंदू असलेल्या डुकरांवर काम करतात, संगणकावर मेंदूची प्रतिकृती चालवतात, माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या ऊतींवर ताण देऊन पाहतात. भारतातही नियम बदलत आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा पद्धतींना वाट मोकळी केली. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे आणि १९९८ चे नियम आहेत. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग असो की कामठीचे फार्मसी कॉलेज, मेंदूवर काम करणाऱ्या औषधांचा उंदरांवर अभ्यास तिथे वर्षानुवर्षे होत आला आहे. अशा प्रत्येक संस्थेत प्रयोगाआधी नीतिसमितीची मंजुरी लागते. त्या समितीत पशुवैद्य असतो, केंद्राने नेमलेला प्रतिनिधी असतो, आणि विज्ञानाबाहेरचा एक सामाजिक भान असलेला सदस्यही असतो. आमच्या समाजातील किती वकील, शिक्षक किंवा आलिम या शेवटच्या जागेसाठी तयार असतील? प्राण्यांवरील रहमबद्दल आपण मिंबरवरून बोलतो. जिथे त्याचा खरा निर्णय होतो, त्या टेबलाशी आपली खुर्ची असायला हरकत नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. चाँदरातीला मोमिनपुऱ्यात एका गाडीवर तिघे, कधी चौघे पाहिले की हे आकडे आठवतात. कारणे ठरलेली असतात. केस बिघडतात. मशीद तर इथेच आहे. टोपीवर हेल्मेट बसत नाही. (टोपी खिशात बसते. ती जमातीला उभे राहताना घालता येते.) हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर धक्क्यात चिरडतो आणि डोके थांबण्याचा वेळ वाढवतो, म्हणजे झटका सौम्य होतो. ज्या झटक्यासाठी इतकी माकडे गेली, तोच हा झटका. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्याला उडून जाते. एकदा मोठा मार खाल्लेले हेल्मेट पुन्हा कामाचे नाही, कारण आतला थर चिरडून गेलेला असतो. घेताना आयएसआय मार्क पाहावा, आणि बेगमसाठीही वेगळे घ्यावे. आरशावर टांगलेले एकच हेल्मेट घरभर पुरत नाही.

अपघात समोर घडला तर मार्मारूंचे उंदीर आठवा. आधी श्वास. पडलेल्याच्या तोंडात पाणी ओतायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. बेशुद्ध माणसाला ते गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जाते. ते देऊ नये. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास घेतो आहे, तर दोघांनी मिळून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे जीभ आणि उलटी घशात अडकत नाही. मान हलवू नये, उचलून रिक्षात कोंबू नये. १०८ ला फोन करावा. पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल, ही भीती आता ठेवण्याचे कारण नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीतील कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. खिशात पैसे नाहीत म्हणून वेळ दवडू नका.

आणि ज्याला किरकोळ मार लागून घरी पाठवले आहे, त्याच्याकडे पहिले चोवीस तास नीट लक्ष ठेवा. हे काम बहुतेक घरांत अम्मीच करते, म्हणून तिलाच सांगून ठेवावे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, हाक मारूनही नीट जागे न होणे, बरळणे, फिट येणे, एका बाजूचा हातपाय लटका पडणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही दिसले तर त्याच घडीला, रात्रीचे दोन वाजले असले तरी, परत रुग्णालय गाठावे. दादा-दादी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील तर लक्षणांची वाट न पाहता, साधे पडणेही डॉक्टरांना दाखवावे. आणि पोराला दुसऱ्याच दिवशी क्रिकेटला सोडू नये, कितीही हट्ट केला तरी.